वेटर म्हणजे बाबाच

आमची चिमी नऊ वर्षांची. तिला ऑटिझम आहे. तिला घेऊन हॉटेलात गेलो की दर वेळी शोभा व्हायची, म्हणून या खेपेला नवरा म्हणाला, "हा शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर हा नाद सोडायचा." मला सोडायचा नव्हता. चारचौघांसारखं तिघांनी बाहेर बसून जेवावं, एवढीच तर माझी हौस.

मग महिनाभर घरात तालीम केली. टेबलावर मेनूकार्ड, आणि खांद्यावर नॅपकिन टाकलेला नवरा वेटर. चिमीने बसायचं, सूप सांगायचं, दहा मिनिटं थांबायचं, थँक्यू म्हणायचं. पोरगी इतकी तयार झाली की माझीच दृष्ट लागेल असं वाटायला लागलं.

गर्दी नको म्हणून दुपारी चारला गेलो. चिमी शहाण्यासारखी बसली. वेटर आला, तशी तिने त्याच्याकडे पाठ केली.

"बाबा, उठ. ऑर्डर घे."

आम्ही दोघं स्वतःला फार हुशार समजतो. पण वेटर दुसराच कुणी असतो, हे शिकवायचंच राहिलं होतं.

"बाबा, ऑर्डर घे." तिचा आवाज चढला. ती स्वतःचा हात चावायला लागली. नवरा उठला. बिचाऱ्याने नॅपकिन खांद्यावर टाकला आणि विचारलं, "काय आणू, मॅडम?"

"टोमॅटो सूप. थँक्यू." चिमी लगेच शांत झाली.

आजूबाजूला हशा पिकला. एकाने मोबाइल वर धरला. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "बाप आहे की नोकर? नुसतं डोक्यावर चढवून ठेवलंय." नवऱ्याचे कान लाल झाले. तेवढ्यात मॅनेजर आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "पार्सल करून देऊ का?"

नवरा हो म्हणाला. पण सूप संपल्याशिवाय उठायचं नसतं, हेही आम्हीच शिकवलेलं. त्याने तिला उचललं तशी चिमी किंचाळली, आणि दारापर्यंत "सूप, थँक्यू, सूप, थँक्यू" ओरडत गेली. शिकवलेलं सगळं पोरीने बरोबर केलं होतं हो.

मी पर्स उचलली. ती बाई मला म्हणाली, "अशा मुलांना घेऊन घरीच बसावं."

एरवी माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. सासरी तर मला मिरचीच म्हणतात.

"हो, आता घरीच बसू," मी म्हणाले. आणि खरं सांगते, मला तिचं पटलं होतं.