आखडलेला खांदा

वस्तीतले लोक तिला व्यायामवाल्या बाई म्हणत. आरोग्य केंद्रात ती फिजिओथेरपिस्ट होती. सकाळी केंद्रात, दुपारनंतर घरोघरी. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा लुळा पडलेला हात. दिवसभर माणसांना धरून उठवायचं, चालवायचं, प्रसंगी दटावायचं. संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरलं, की मात्र बोलायला भिंतीच. आई गेल्यापासून घर खायला उठायचं.

त्यातच तिचा उजवा खांदा आखडला. एक दिवस वेणी घालायला हात वर जाईचना, तेव्हा तिने केसच कापून टाकले आणि विचारणाऱ्यांना उकाड्याचं कारण सांगितलं. व्यायाम तर तिला तोंडपाठ. भिंतीवर बोटं चढवायची, दारावरून दोरी टाकून हात ओढायचा, सगळं ती इमानेइतबारे करायची. पण शेवटचा ताण दुसऱ्यानेच द्यावा लागतो, आणि घरात दुसरं होतं कोण? केंद्रात एक तरुण सहकारी होता. पण त्याच्यापुढे पेशंट म्हणून बसायचं तिच्या जिवावर यायचं.

ओळखलं ते मास्तरीणबाईंनी. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या या निवृत्त शिक्षिका एकट्याच राहत. त्यांचा वॉकर सुटावा म्हणून ती त्यांच्याकडे जायची. एकदा त्यांना सावरताना खांद्यात कळ आली आणि ती कण्हली. मास्तरीणबाईंनी वर्गात घ्यावी तशी उलटतपासणी घेतली, तिला खुर्चीत बसवलं आणि ती सांगेल तसा तिचा हात धरून वर नेला. त्यांचे हात थरथरत होते, पण पकड सुटली नाही. तिचे डोळे भरून आले. ते सगळंच खांद्यामुळे नव्हतं.

मग तसाच पायंडा पडला. आधी त्यांचं चालणं, मग हिचा खांदा, मग चहा.

"आपलं दोघींचं मिळून एक धड माणूस होतंय बघ," मास्तरीणबाई म्हणायच्या.

पुढे त्यांचा वॉकर सुटला, काठीही सुटली. आई आता प्रवास करू शकते म्हटल्यावर त्यांचा मुलगा न्यायला आला. तिनेच त्यांना चालतं केलं होतं, आणि त्या आपल्या पायांनी गाडीपर्यंत गेल्या. बसताना एवढंच म्हणाल्या, "एकटीनं ओढत बसू नकोस गं."

नंतरही काही दिवस तिची पावलं सवयीने त्या गल्लीत वळायची. बंद खिडक्या बघून ती परतायची. सैल होत आलेला खांदा पुन्हा धरला. आता पदर सावरतानाही जीव कासावीस व्हायचा.

शेवटी एका सकाळी ती केंद्र उघडायच्या आधीच जाऊन पेशंटच्या बाकावर बसली. सहकारी किल्ल्या घेऊन आला, तिला तिथे बघून थबकला.

"कुणाची वाट बघताय, ताई?"

"तुझीच. खांदा आखडलाय माझा. सांगायला लाज वाटत होती."

तो हसला नाही. हात धुऊन आला, तिच्या खांद्याची हालचाल तपासली आणि ती स्वतः प्रत्येक पेशंटला विचारायची तोच प्रश्न त्याने विचारला.

"घरी व्यायाम करून घ्यायला कोण आहे?"

"कुणी नाही," ती म्हणाली. इतक्या दिवसांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

स्टूल जवळ ओढत तो म्हणाला, "मग रोज जरा लवकर येत जा. मीही येईन."

तिने मान हलवली आणि हात पुढे केला.