मासेकाकांचं पिंप

"झाकण उचला वहिनी. पिंपच बघायचंय, दागिने नाही!" मासेकाका शेजारणीला म्हणाले खरे, पण आज त्या विनोदात जीव नव्हता. काकांची मुलगी सकाळपासून दवाखान्यात होती. ताप डेंग्यूचा निघाला होता.

मासेकाका आमच्या वस्तीचे डास-तपासनीस. घरोघरच्या पाण्यात अळ्या शोधायच्या, सापडल्या की पिंप ओतायला लावायचं आणि दारावर खडूने फुली मारायची. वर अळ्या खाणारे गप्पी मासे वाटायचे. या माशांचं पिंप काकांच्याच गच्चीवर होतं.

त्या वर्षी ऊन असं पेटलं की सावलीसुद्धा सावली शोधत हिंडायची. मग सरी आल्या आणि गेल्या, उकाडा मात्र मुक्कामाला राहिला. नळ आठवड्याने यायचा, म्हणून बादली, टोप, बाळाचा टब, जे दिसेल ते भरलेलं. डासांची चंगळ! ते एकमेकांना पत्ते सांगत असावेत, असा माझा ठाम संशय आहे.

शेजारणीच्या पिंपात काहीच सापडलं नाही.

"दर खेपेला माझ्या दारावर फुली मारून गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवत नाही तुम्ही," ती म्हणाली. "मग तुमच्या पोरीला चावला तो डास कुठला?"

"एकही घर सोडलं नाही हो मी."

"स्वतःचं?"

"माझ्या पिंपात मासे आहेत. तिथे अळी टिकेल होय?"

"शेवटचं कधी डोकावलात, भाऊजी?"

यंदा वाटायचे मासे ऑफिसातूनच मिळाले होते. गच्चीवर जायचं कामच पडलं नव्हतं. काका जिना चढले. शेजारीण मागोमाग.

पिंपाचा पत्रा अजून चटके देत होता. उन्हाळ्यात मासे केव्हाच उकडून मेले होते. नंतरच्या सरींनी पिंप पुन्हा भरलं होतं, आणि त्या नितळ पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

फोन वाजला. बायको होती. "अहो, प्लेटलेट्स अजून उतरतायत. पिशवी लावलीय. तुम्ही आहात कुठे?"

"आलोच. एक घर राहिलंय."

त्यांनी पिंप आडवं केलं. खाली येऊन खिशातला खडू काढला आणि स्वतःच्या दारावर फुली मारू लागले. दुसरी रेघ काही केल्या सरळ येईना.

शेजारणीने पुढे होऊन दार तेवढं घट्ट धरून ठेवलं.