कुणाच्या हातचं ऊन

विड्या तपासणाऱ्या बसू चेकरने मूठभर विड्या चुरगाळून छाटीच्या, बाद विड्यांच्या टोपलीत फेकल्या. "काशम्मा, तुजा हात म्हातारा झालाय. आजपासनं वळायला पान न्हाय मिळायचं."

लग्नाआधीपासून काशम्मा विड्या वळत होती. त्याच हातांनी तिने लेकीला, अंबिकाला, एम.एस्सी.पर्यंत शिकवलं होतं. आज कंपनीत विड्या जमा करायला अंबिका सोबत आली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बसूअण्णा, हात तोच आहे. भिजवलेलं पान वळता वळता वाळतंय, मग फुटतंय. आमच्या पत्र्याखाली बसून बघा की एकदा!"

"उन्हाळा काय यंदाच आलाय व्हय?" बसूने एक फुटकी विडी उचलली. "ही उन्हानं फुटली का तुज्या अम्माच्या हातानं? सांग की, लई शिकलीयस न्हवं!"

अंबिका अडखळली. विद्यापीठात ती हेच शिकत होती. माणसाच्या गाड्या-कारखान्यांच्या धुराने भरलेलं जग आणि त्या धुराविना जग गणितात शेजारी ठेवायचं, आणि वाढत्या उष्म्यात माणसाचा वाटा किती ते शोधायचं. एकटा तापलेला दिवस काहीच सिद्ध करत नाही. खोटं तिला बोलवेना.

"एका विडीचं नाही सांगता येत."

"ऐका!" बसू खो खो हसला.

"पण टोपलीचं सांगता येतं. थंडीत हेच हात होते, तेव्हा छाट तळालाच असायची. आता काठोकाठ भरलीय. यात नव्या सुनांच्याही विड्या आहेत. त्यापण म्हाताऱ्या झाल्या, एकाच उन्हाळ्यात?"

"माजी सून विशीची हाय रं बसू," रांगेतून ईरम्मा ओरडली, "तिला म्हण की म्हातारी!"

बायका हसल्या. बसूचं तोंड उतरलं. "ऊन देवाचं हाय. कंपनी काय करनार?"

"सगळं देवाचं नाही!" अंबिकाचा आवाज चिरकला. "माणसांनी एवढा धूर सोडला नसता तर एवढं तापलं नसतं. सोडणारे बसलेत कूलरपुढं, आणि खोट काढताय माझ्या अम्माच्या हाताची!"

काशम्माला पान नाही म्हणून ईरम्माने तोललेली आपली पानं उचललीच नाहीत. तिच्या मागचीनेही नाहीत. शेवटी बसूने मान खाली घालून काशम्माचं पान तोललं. गठ्ठ्याच्या तळाचं, वाळकं.

काशम्मा दारातल्या नळाशी गेली. डोक्यावरचा पदर काढून तिने ओला केला, पानांभोवती गुंडाळला आणि गठ्ठा कमरेवर घेतला.

"अम्मा, डोकं तरी झाक."

"पान वाळंल की," काशम्मा म्हणाली, आणि भर दुपारी उघड्या डोक्याने चालू लागली.