बर्फावर मीठ

तीन दिवस हिमवर्षाव थांबायचं नाव घेत नव्हता, आणि वेंडेलीन ओरावेत्सची नजर आइस हॉकीच्या हॉलच्या छतावरून हलत नव्हती. तिसऱ्या तुळईला तडा गेला होता. इंजिनियरने त्यात बोट घालून दाखवलं होतं. नगराध्यक्ष म्हणून वेंडेलीनने त्या दिवशीचा सामना रद्द केला, तर नगरसेवकांनी सकाळीच हात वर करून तो हुकूम उडवून लावला. वीस वर्षांनी गावाचा संघ अंतिम फेरीत पोचला होता ना!

चार वाजता तो दारातच आडवा उभा राहिला. "हात जोडतो, आत जाऊ नका. छत येईल खाली!"

"अहो कॅप्टन, त्याच छताला तुमची सतरा नंबरची जर्सी टांगलीय," खाटकाची बायको सिदोनिया हसली. "तुमच्यासमोर पडायची हिंमत होईल का त्याची?" त्याच्या गालाचा पापा घेऊन ती आत गेली. मागोमाग दोन हजार माणसं गेली. संघाचा जुना कॅप्टन म्हणून लाडापायी निवडून दिलं होतं त्याला, ऐकायला थोडंच!

वर काहीतरी करकरलं. ढोलांच्या दणदणाटात ते कुणाला ऐकू येणार? वेंडेलीनला मात्र ते ऐकू आलं, आणि तो पळत सुटला.

बाहेर, बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकणारी नगरपालिकेची गाडी उभी होती. त्याने सहा पोती ढकलगाडीवर घातली आणि मागच्या फाटकातून थेट खेळाच्या मैदानाच्या बर्फावर आणली.

म्हातारा कोर्नेल धावत आला. चाळीस वर्षं हा बर्फ तोच राखत होता. पाच वर्षांच्या वेंडेलीनला त्यावर हात धरून त्यानेच उभं केलं होतं.

"वेंडो, डोकं फिरलंय का तुझं?"

"काका, बाजूला व्हा."

"अरे, त्यापेक्षा माझ्या ताटात विष कालव रे!"

मधल्या वर्तुळात वेंडेलीनने पहिलं पोतं फाडलं. ढोल थांबले. शिट्ट्या, शिव्या, बाटल्या सुरू झाल्या. कोर्नेल गुडघ्यांवर बसून टोपीने मीठ गोळा करत होता, आणि वेंडेलीन रडत रडत पुढचं पोतं रिकामं करत होता. पंचांनी सामना रद्द केला. बाहेर पडताना सिदोनिया त्याच्या अंगावर थुंकली.

छत त्या दिवशी पडलं नाही. त्या हिवाळ्यात पडलंच नाही. पुढच्या निवडणुकीत त्याला एकशे नऊ मतं मिळाली. कोर्नेलने जर्सी उतरवून, घडी घालून त्याच्या उंबऱ्यावर ठेवली. आता वेंडेलीन दिसला की तो रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

वेंडेलीन रोज पहाटे हॉलपाशी जातो. आत कुणी नाही ना, हे दारं हलवून बघतो. मग छताकडे मान वर करून विनवतो, "आता पड की रे. एकदा तरी पड."