मी, सोळा चौकटींची पंगतपट्टी

मित्रांनो, या नितेशला कोणीतरी वेळेवर वळण लावायला हवं होतं. पंगतीला बसायची पट्टी मी, आणि यानं माझा एक तुकडा टरकन फाडून टेम्पो पुसायला घेतला. विचारलं नाही, सांगितलं नाही. ज्या चौकटीवर बसून याच्या आजोबांनी पुरणपोळ्या हाणल्या, तिच्यानं हा चाकाचा चिखल पुसायचा. वरून म्हणायचा काय, "जुनीच तर आहे!"

जुनी आहे हे खरं. मी एक जुनी पंगतपट्टी आहे आणि मला त्याची काडीचीही लाज नाही. अकोल्याच्या एका मागावर माझा जन्म झाला. निळं सूत, लाल काठ आणि मधे ओळीनं सोळा लाल चौकटी. एक चौकट म्हणजे एक माणूस, ना जास्त ना कमी. वलगावच्या मैनाबाईंनी मला मागावरूनच उचललं तेव्हा त्या घरात नवीन सून होत्या. शाळा दुसरीपर्यंत. पण पंगत बसवावी तर मैनाबाईंनी, असं सगळं गाव म्हणायचं, आणि त्या स्वतः तर गावाच्याही आधी म्हणायच्या.

पंगत बसवणं सोपं वाटतं का तुम्हाला? पंजाबराव आणि खुशालराव यांचं शेताच्या धुऱ्यावरून म्हणजे बांधावरून वाकडं, त्यांना शेजारी बसवायचं नाही. जावई सगळ्यात मधे. केशरबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या वाढणाऱ्यांच्या वाटेजवळ. मैनाबाईंची रीत ठरलेली होती. ज्याची जागा पक्की आहे त्याला आधी बसवायचं. मग त्याच्या आजूबाजूचे. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही ते शेवटी, उरलेल्या जागांवर. एकदा बसवलेला माणूस त्यांनी कधी उठवला नाही. लोक जेवून उठले की म्हणायचे, "मैनाबाई, पंगत मोठी झकास झाली." त्यात निम्मं कौतुक माझं होतं, पण मी कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

त्यांची नात पौर्णिमा दहा वर्षांची असल्यापासून माझ्यापुढे वाकून वाढत आली. आधी मीठ, मग चटणी, मग पोळी. तिचा थोरला भाऊ नितेश मात्र नेहमी पहिल्या पंगतीला, पहिल्या चौकटीत मांडी ठोकून. पौर्णिमा माझ्यावर बसायची ती सगळ्यांत शेवटी, भाजीचा तळ उरला की.

पुढे नितेशनं खुर्च्या आणि टेबलं भाड्यानं द्यायचा धंदा काढला. लोक ताटं हातात धरून उभ्यानं जेवू लागले आणि मी गुंडाळी होऊन माळ्यावर गेले. उंदरांनी माझी एक कड चाखली आणि नितेशनं टोकाची ती चौकट फाडून नेली. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला माझंच ओझं वाटायचं.

इकडे पौर्णिमा लिपिक भरतीचा अभ्यास करत होती. रोज बसनं अमरावतीला क्लासला जायची. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा अगदी थोडक्यात राहिली आणि एकाच जागी घसरली. कोण कोणाच्या उजवीकडे बसलं, कोणाच्या समोर कोण, रांगेत कोण कितवा, असले प्रश्न. एक दिवस जेवता जेवता नितेश म्हणाला, "या खेपेले नाई झालं तर नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात लावून देऊ इले. मी बोलून ठेवलं. घरात एक पट्टी पडून आहे, एक ही पडून आहे."

पौर्णिमा ताट उचलून मोरीकडे गेली. मैनाबाई गप्प. मी माळ्यावरून ऐकलं आणि सावध झाले, कारण मैनाबाई गप्प बसल्या की काहीतरी शिजतंय हे मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पौर्णिमा ओसरीत वही घेऊन बसली होती. ठिपके काढायची, खोडायची, परत काढायची. मैनाबाई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"काय गिरबटून राहिली वो?"

"आजी, तीन-तीन जण समोरासमोर बसले. एका रांगेत मधात क, त्याच्या उजवीकडे ख. समोरच्या रांगेत मधात ग, त्याच्या उजवीकडे घ अन् डावीकडे च. तर ख च्या समोर कोण?"

"माणसं आहेत का बाराखडी आहे?"

"माणसंच आहेत."

"मंग कोण बसलं ख च्या समोर?"

"महं उत्तर घ येते, अन् पुस्तक च म्हणते. दर वेळी असंच होते मह्यासंगं." पौर्णिमाचे डोळे भरून आले.

"रडू नको. मी पाचशे-पाचशे माणसं बसवली अन् तुले सहा बसवता येत नाई? माळ्यावरची पट्टी काढ."

किती दिवसांनी मला अंगणातलं ऊन लागलं म्हणून सांगू! मला झटकलं, मधोमध वळवलं आणि दोन रांगा समोरासमोर केल्या. मैनाबाईंनी भाजीची टोपली घेतली. इकडच्या रांगेत मधे वांगं, त्याच्या उजव्या हाताला मिरची. समोरच्या रांगेत मधे दुधी.

"हा दुधी म्हणजे खुशालराव समज. असाच दिसते तो. आता त्याच्या उजवीकडे कांदा ठेव अन् डावीकडे टमाटर."

पौर्णिमानं इकडूनच हात लांबवून ठेवले. कांदा आला बरोबर मिरचीच्या समोर.

मैनाबाई तिला चूक आहे असं म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, "आता सगळ्यांपुढं पानं मांड अन् चटणी वाढ."

पौर्णिमा हसली, पण उठली. पळसाची पानं मांडली, वाटीत ठेचा घेतला आणि दोन रांगांच्या मधून चालत वाढायला लागली. इकडच्या रांगेला वाढलं, वळली, दुधीपुढे वाकली आणि सवयीनं हात बरोबर जागी गेला.

"थांब," मैनाबाई म्हणाल्या. "चटणी कोण्या बाजूले वाढली?"

"डाव्या. मीठ-चटणी डाव्या बाजूलेच वाढतात."

"कोणाच्या डाव्या? तुह्या?"

पौर्णिमानं खाली पाहिलं. ठेचा तिच्या स्वतःच्या उजव्या हाताकडे होता.

"जेवणाऱ्याच्या," ती हळूच म्हणाली. मग एकदम ओरडली, "आजी! जेवणाऱ्याच्या डाव्या!"

"मंग खुशालरावाची डावी बाजू कोणती?"

"ठेच्याची! म्हणजे टमाटर इकडे अन् कांदा तिकडे." तिनं दोघांची अदलाबदल केली. मिरचीच्या समोर टमाटर आला. पुस्तकाचं उत्तर आलं.

"बारा वर्षं झाली, तुह्या हाताले हे येते," मैनाबाई शेंगा सोलत म्हणाल्या. "पेनालेच तेवढं सांगायचं राहिलं होतं."

मग तर दोघींना नादच लागला. मला सरळ पसरलं. प्रश्न असा होता की रागिणी रांगेत डावीकडून सातवी आणि उजवीकडून नववी आहे, तर रांगेत एकूण किती जण? पौर्णिमा झटकन म्हणाली, "सात अन् नऊ सोळा."

"बस डावीकडून सातव्या चौकटीवर. आता उजवीकडून मोज."

तिनं मोजलं. नववी. "मग सोळाच झाले की, आजी."

"चौकटी मोज."

पंधरा. सोळावी तर नितेशनं टेम्पोसाठी नेली होती.

"दोन्हीकडून मोजताना तू एकटीच दोनदा मोजल्या गेली, पोरी. एका माणसाले मी दोन पानं वाढत नाई. एक कमी कर."

मित्रांनो, फाटल्याचं दुःख मला तेव्हा पहिल्यांदा थोडं कमी झालं. त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत मी रोज अंगणात होते. कधी मला गोल वळवून सगळ्यांची तोंडं आत, कधी बाहेर. आधी पक्क्या जागेचा, मग शेजारचा, भांडखोर शेवटी. वांगी रोज बदलायची, कारण संध्याकाळी त्यांची भाजी व्हायची.

परीक्षेचं पौर्णिमानं घरी येऊन सांगितलं ते असं. कॉम्प्युटरसमोर बसून ती डोळे मिटून हवेत हात हलवत होती. देखरेखीवरच्या बाई आल्या, "काय करून राहिली?" ही म्हणाली, "चटणी वाढून राहिली, मॅडम." बाईंनी तिला पाणी आणून दिलं. मैनाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

यादी लागली ती नितेशच्याच मोबाइलवर. तो अंगणात उभा राहून वाचत होता आणि त्याचा आवाज बारीक बारीक होत गेला. "एकतीस जणांची यादी आहे. पौर्णिमा वरून नववी."

"अन् खालून?" मैनाबाईंनी विचारलं.

"तेविसावी!" पौर्णिमा आतून ओरडली. तिची नेमणूक अकोल्याला झाली, माझ्या माहेरी.

त्या आनंदात पाहुण्यांना जेवण द्यायचं ठरलं आणि नितेशनं लगेच हिशेब मांडला की पन्नास खुर्च्या, चार टेबलं, लोक उभ्यानं जेवतील. मैनाबाईंनी तो कानाआड केला. मला रिठ्याच्या पाण्यात धुतलं. पौर्णिमानं माझी उंदरांनी खाल्लेली कड शिवली, आणि टेम्पोतला तो काळा पडलेला तुकडा शोधून, तीनदा धुऊन, जागच्या जागी जोडला. आता तो थोडा मळकट दिसतो, पण चौकट चौकटच आहे. तेवढंच माझं मागणं आहे तुमच्याकडे. जुन्या वस्तूवर हात टाकायच्या आधी ती काय काय पाहून बसली आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. मग फाडायचं तर फाडा.

पंगतीच्या दिवशी सोळा पानं मांडली. नितेश आला आणि सवयीनं पहिल्या चौकटीत मांडी घालायला खाली वाकला. मैनाबाईंनी त्याच्या हातात चटणीची वाटी दिली, पौर्णिमाचा दंड धरून तिला त्या चौकटीत बसवलं आणि साऱ्या पाहुण्यांदेखत खणखणीत बोलल्या,

"नितेश, आज पौर्णिमा बसन अन् तू वाढशीन. अन् ध्यानात ठेव, चटणी डाव्या बाजूले वाढायची. तुह्या नाई. तिच्या."