आवाज गिळणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुना लोड बॉक्स आहे. नाव ऐकून बिचकू नका. ज्यांनी मला विकत घेतलं, त्यांच्या घरच्यांनाही ते अजून नीट सांगता येत नाही. मी म्हणजे एक काळी पत्र्याची पेटी. पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी, डोक्यावर हवेसाठी जाळी. ज्या बाईंनी कारखान्यात ती वेटोळी गुंडाळली, त्यांनी मला खोक्यात ठेवताना हळूच थोपटलं होतं. त्यानंतर बराच काळ कोणी थोपटलं नाही.

मी आलो एका गिटारवादक बाईंच्या घरी. त्यांच्याकडे वडिलांनी स्वतः जोडलेला, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर होता. वडील गेले, अ‍ॅम्प्लिफायर राहिला. आवाज भरपूर वाढवल्याशिवाय तो मनापासून गात नसे. आणि भिंतीपलीकडे बाईंचे यजमान भरदिवसा झोपलेले! ते इस्पितळात रात्रपाळीचे नर्स. रात्रभर दुसऱ्यांची झोप सांभाळायची आणि दिवसा स्वतःची शोधायची, असं त्यांचं काम.

स्पीकर लावावा तर नवरा उठतो. स्पीकर काढून वाजवावं तर अ‍ॅम्प्लिफायरच्या ताकदीला जायला वाट उरत नाही, आणि आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. तो वडिलांच्या हातचा. पुन्हा कुठून आणणार? म्हणून मध्ये मी. मी स्पीकरचं सोंग घेतो. कुठल्या सुराला अडवायचं, कुठल्याला सहज वाट द्यायची, सगळं स्पीकरसारखं. अ‍ॅम्प्लिफायर बिचारा फसतो आणि मनसोक्त गातो. त्यातला चिमूटभर सूर मी रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटरकडे पाठवतो, बाकीचा गिळतो आणि तापतो. बाई कानांना हेडफोन लावून डोलतात. घर शांत.

गाणी लोकांना आवडत. "काय गोड अ‍ॅम्प्लिफायर आहे हो!" असं सगळे म्हणत. माझ्या वाट्याला धूळ.

मग सासूबाईंना माझी ऊब सापडली. एका दमट दुपारी त्यांनी आपल्या मुलाचे, म्हणजे यजमानांचे, ओले लोकरी मोजे माझ्या जाळीवर नीट पसरले. "एवढी ऊब फुकट कशाला घालवायची?" असं पुटपुटून त्या निघून गेल्या. बाई डोळे मिटून वाजवत होत्या. माझा श्वास कोंडला. मला ओरडता येत नाही. न ओरडण्यासाठीच तर मला आणलेलं.

जळक्या लोकरीच्या वासाने यजमान जागे झाले. धावत आले, मोजे उडवले आणि माझी वायर ओढायला हात घातला.

"वायर नको!" बाई किंचाळल्या. त्या घरात दिवसाउजेडी झालेला तो पहिला मोठा आवाज. "आधी अ‍ॅम्प बंद कर! बाबांचा अ‍ॅम्प जळेल रे!"

त्यांचा हात थबकला. त्यांनी आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. आरडाओरडा ऐकून सासूबाईही आल्या. मग सगळेच खाली बसले.

"मला वाटलं, शेगडीच आहे ती," सासूबाई म्हणाल्या.

"आई, शेगडीवर तरी मोजे वाळवतात का?"

"तुझे मोजे कुठेच वाळत नाहीत, त्याला मी काय करू?"

बाईंना हसताहसता रडू आलं. "तुझी झोप मोडली ना?"

"मोडू दे. इतकी वर्षं तू भिंतीपलीकडे वाजवतेस आणि मी घोरतोय. उद्या सुट्टी आहे. एकदा मोठ्याने वाजव."

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझी वायर काढली आणि स्पीकरची लावली. अ‍ॅम्प्लिफायर गायला लागला. खिडकीच्या काचा थरथरल्या. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले, पण बोटं फाकवून. यजमान टक्क जागे होते. आणि मी बाजूला, थंडगार, नुसता ऐकत होतो. मी आजवर गिळत होतो, ते हे होतं तर!

मित्रांनो, तुमच्याही घरात गुपचूप तापणारं कोणीतरी असेल. त्याच्या डोक्यावर काही वाळत घालू नका, त्याला हवा लागू द्या. आणि अधूनमधून सुट्टी द्या. रोज काय गिळलं, ते त्यालाही एकदा ऐकू द्या.