सारवलेलं डालगं

श्वास घेताना कवडीची चोच उघडते आणि तिचं शेपूट बोटभर खाली जातं. श्वास सुटला की ते पुन्हा वर येतं. निरोगी कोंबडीचा श्वास असा दिसत नाही. कवडी ओसरीत एकटी बांधलेली आहे, मी अंगणात आहे, तरी तिच्या गळ्यातली घरघर मला इथवर ऐकू येते.

मित्रांनो, मी निरगुडीच्या फोकांचं एक जुनं डालगं आहे. संध्याकाळी मला उपडं घातलं की माझ्याखाली कोंबडी आणि तिची पिल्लं रात्र काढतात. मांजर, मुंगूस माझ्याभोवती घिरट्या घालून निघून जातात.

नायगावकडच्या एका मळ्यात शेषेरावांनी मला विणलं. लेक कस्तुरा लग्न होऊन लोह्याकडे निघाली, तेव्हा अंड्याला आलेल्या एका तलंगीसकट त्यांनी मला तिच्या हाती दिलं. म्हणाले, "सासू लई बोलली तर याच्याखाली जाऊन बस." सगळे हसले, कस्तुरा मात्र रडली. पुढे शेषेराव गेले. माझ्या काठाला त्यांनी मारलेली पिळाची गाठ राहिली. आजही कस्तुराबाई मला उचलते ती त्या गाठीला धरूनच.

माझं कौतुकही खूप झालं. गल्लीतल्या बाया म्हणत, "कस्तुराबाईच्या डालग्याखालचं एक पिल्लू मांजराला गावत न्हाई." फोक सैल झाले की कस्तुराबाई मला शेणानं सारवायची. एखादी कोंबडी आजारी पडून मेली, तर त्याच दिवशी सारवायची. तिच्या लेखी शेणाचा हात फिरला की सगळं शुद्ध झालं.

ते शुद्ध होत नव्हतं. आत चिकटलेली विष्ठा, पिसं, वाळलेला शेंबूड यांवर नवा थर बसत होता, एवढंच. मागच्या वर्षी एक कोंबडी घरघर करत गेली. पाठोपाठ दुसरी गेली. कस्तुराबाई म्हणाली, नजर लागली. मग कवडी शिंकायला लागली, तेव्हा तिनं माझ्यावर पोतं टाकलं आणि आत ओव्याचा धूर धरला. कवडी वारा शोधत माझ्या भिंतीला चोच लावत होती, आणि माझ्या फटी तर सारवणानं बुजलेल्या. मला काहीच करता येईना. माया करणाऱ्या हातांनीच तिचा जीव कोंडत होता.

सून दीपमालानं पोतं ओढून काढलं. "आत्याबाई, माणूस तरी जगंल का या धुरात?" तिनं कवडीला आणि मला गाडीवर घेतलं आणि लोह्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पाठोपाठ कस्तुराबाईही आली.

डॉक्टरबाईंनी कवडीचा घसा पाहिला. मग गाडीच्या किल्लीनं माझी आतली बाजू खरवडली. पापुद्र्यामागून पापुद्रा सुटला. एकात तांबडी पिसं होती, खालच्यात काळी. कस्तुराबाईनं दोन्ही ओळखली. त्या कोंबड्या कधीच्या मेल्या होत्या.

"मावशी, ही कोंबडी वेगळी ठेवा, औषध पाण्यातून द्या. तिची पिल्लं कोरड्या, मोकळ्या हवेत राहू द्या. आणि हे डालगं जाळून टाका. धुऊन निघायचं नाही हे."

"ऊन देते की त्याला," कस्तुराबाई म्हणाली.

कवडीला तिनं वेगळं बांधलं, औषधही चुकवलं नाही. मला मात्र दिवसभर उन्हात ठेवते आणि सांज झाली की पिल्लांवर घालते. दीपमाला रोज म्हणते, "जाळा आता." ही रोज म्हणते, "मग पिल्लं कुठं झाकू, तुझ्या पदराखाली?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारखे सगळेच तुम्हाला सांगत असतील. मी वेगळं मागतं. ज्यांना राखायला मला विणलं, त्यांच्या श्वासात माझीच धूळ जाते आहे. मला तोंड असतं तर रोज संध्याकाळी ओरडलं असतं, मला यांच्यावर ठेवू नका. वस्तूवर जीव लावा, पण तिच्याखाली कुणाचा जीव गुदमरतो आहे का, ते आधी पाहा. घाणीवर सारवण घालू नका.

आज सांज झाली. कस्तुराबाईनं गाठीला धरून मला उचललं आणि पिल्लांकडे वाकली. चार पिल्लं दाणे टिपत होती. पाचवं बाजूला उभं होतं. त्याची चोच उघडली आणि शेपटाचा इवला कोंब खाली गेला. वर आला. पुन्हा खाली गेला.

ती मला हातात धरून तशीच खाली बसली. ओसरीतून कवडीची घरघर येत होती. दीपमाला दारात उभी होती. कस्तुराबाईचा अंगठा गाठीवरून फिरत राहिला.

"पिल्लं खोक्यात घाल, वर जाळी टाक," शेवटी ती म्हणाली. "आन् काडीपेटी आण, दीपमाला. माझ्या बापाचं डालगं हाय. मीच जाळते."